आपण चुकलो तर दंड, खातं चुकलं तर गप्प?

मंडळी, विवरणपत्राला एक दिवस उशीर झाला की ५ हजारांपर्यंत विलंब शुल्क. कामशेतच्या बाजारपेठेतल्या दुकानदाराला हे पाठ आहे. आता दुसरी बाजू बघा.

सप्टेंबर २०२५. आयकराच्या ई-फायलिंग पोर्टलमध्ये दोन सुरक्षा संशोधकांना भगदाड सापडलं. स्वतःच्या पॅनने लॉगिन करायचं, पोर्टलला जाणाऱ्या विनंतीत दुसऱ्याचा पॅन घालायचा, की त्याचा पत्ता, जन्मतारीख, फोन, बँक खातं, आधार सगळं समोर! त्यांनी सर्ट-इनला कळवलं. २ ऑक्टोबरला भगदाड बुजलं, असं त्यांनीच सांगितलं. आपल्याला कळलं ७ ऑक्टोबरला, टेकक्रंचच्या बातमीतून.

तुम्हाला खात्याचा एक तरी एसएमएस आला का?

सर्ट-इनचा २०२२ चा आदेश सरकारी खात्यांनाही लागू आहे: सायबर घटना ६ तासांत कळवा. पण कळवायचं सर्ट-इनला, करदात्याला नाही. करदात्याला सांगायचं बंधन २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात आहे. त्याचे नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि हे बंधन लागू होणार त्यानंतर १८ महिन्यांनी!

तोवर काय? मावळात जमीन विकून पैसा आलेल्या शेतकऱ्याला कुणी फोन करून त्याचाच पॅन आणि खाते क्रमांक वाचून दाखवला, तर ‘आयकरातून बोलतोय’ हे तो खरंच मानणार ना?

म्हणून खात्याने लॉग तपासावेत. भगदाड कधीपासून होतं, किती जणांच्या नोंदी बघितल्या गेल्या, ते जाहीर करावं आणि त्या प्रत्येकाला कळवावं. मावळच्या खासदारांनी हे लोकसभेत विचारावं. पटत असेल तर त्यांना टॅग करा.