परांची आधी, अंदाजपत्रक नंतर

१९७०-८०च्या दशकांत आपल्या शहरांमध्ये सिमेंट काँक्रीटच्या ज्या बहुमजली इमारती उभ्या राहिल्या, त्या आता सगळ्या एकाच वेळी म्हाताऱ्या होत आहेत. तळाला दुकाने, मधल्या मजल्यांवर कार्यालये, क्वचित वर सदनिका, असे त्यांचे स्वरूप. दिल्लीच्या नेहरू प्लेससारख्या जिल्हा केंद्रांपासून किनाऱ्यावरील लहानशा जिल्हा मुख्यालयापर्यंत दृश्य तेच दिसते. छज्ज्याखाली गंजलेल्या सळया उघड्या पडलेल्या, ग्रिटच्या गिलाव्याचे पोपडे सुटलेले, आणि त्यावर वातानुकूलन यंत्रांच्या पाण्याचे ओघळ. मग एके दिवशी त्याच इमारतीवर चकचकीत एसीपीचे पत्रे चढतात, फीत कापली जाते, आणि इमारतीचे नूतनीकरण झाले असे जाहीर होते. माझा आक्षेप या नूतनीकरणाला आहे. आणि तो घेण्याचा मला थोडाफार अधिकार आहे, कारण अशा एका प्रस्तावावर माझीही सही आहे.

ती इमारत समुद्रकाठच्या एका शहरात होती. शहराचे नाव येथे महत्त्वाचे नाही. एका पहाटे तिसऱ्या मजल्याच्या छज्ज्याचा तुकडा खालच्या चहाच्या टपरीवर पडला. टपरी अजून उघडली नव्हती, एवढ्यावरच निभावले. दुपारी कार्यकारी अभियंता दोन टिपणे घेऊन आले, एक दुरुस्तीचे आणि एक पत्र्यांचे. दुरुस्तीला किती खर्च येईल, असे मी विचारले. ते म्हणाले, “साहेब, पत्र्याचे चौरस मीटर मी आज लिहून देतो. दुरुस्तीचे मला आज सांगता येणार नाही, आणि जे सांगेन ते खोटे ठरेल.” इतके प्रामाणिक उत्तर मला सेवेत फार थोड्या वेळा मिळाले असेल. मी मात्र पत्र्यांच्या टिपणावर सही केली.

त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते. काँक्रीटची क्षारता सळईचे रक्षण करते. हवेतील कर्बवायू वर्षानुवर्षे आत झिरपून ती क्षारता घटवतो. समुद्रकाठी क्षारयुक्त वारा सळईचे हे रक्षण वेगळ्या मार्गाने, पण अधिक वेगाने मोडतो. मग सळई गंजते, गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागतो, आणि वरचे काँक्रीट आतून फुटते. भारतीय मानक ४५६च्या २००० सालच्या आवृत्तीनुसार किनाऱ्यावरील उघड्या काँक्रीटमध्ये सळईवर ४५ मिलिमीटर आवरण हवे. जुन्या छज्ज्यांत पंधरा मिळाले तरी समाधान मानावे अशी स्थिती असते. पण नुकसान किती, हे रस्त्यावरून दुर्बिणीने कळत नाही. परांची बांधून, हातभर अंतरावर उभे राहून, हातोडीने इंचाइंचावर ठोकून पाहावे लागते. घट्ट काँक्रीट खणखणीत वाजते, सुटलेले बद्द वाजते. फोडलेल्या जागी फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण टाकले की जिवंत काँक्रीट गुलाबी होते, मेलेले तसेच राहते. हे सारे झाल्यावरच दुरुस्तीचे परिमाण समजते.

आणि आपली व्यवस्था नेमके उलटे मागते. आधी अंदाजपत्रक, मग प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, मग निविदा, आणि सर्वांत शेवटी परांची. परांचीवर चढल्यावर दोनशे चौरस मीटरच्या जागी सहाशे निघाले, तर वाढीव परिमाणाचा प्रस्ताव, त्यावर लेखापरीक्षकाचा आक्षेप, आणि दुर्दैव असेल तर दक्षता विभागाचे पत्र. खरे सांगणाऱ्या अभियंत्याला खुलासा द्यावा लागतो. ज्याने दोनशेच करून उरलेल्यावर गिलावा फिरवला, त्याचे काम मंजूर रकमेत पूर्ण होते. पत्र्याचे परिमाण मात्र निविदेत लिहिले तेवढेच भरते. म्हणूनच तो आपल्याला प्रिय आहे. सौंदर्यदृष्टीचा यात फारसा संबंध नसावा.

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने काँक्रीट इमारतींच्या दुरुस्तीवर २००२ सालीच पुस्तिका काढली होती. ज्ञानाचा तुटवडा नाही. मान्यतेचा क्रम चुकला आहे. माझी सूचना साधी आहे. अशा कामाला दोन टप्प्यांत मान्यता द्यावी. पहिल्या टप्प्यात फक्त परांची, सुरक्षा जाळी, ठोकून तपासणी आणि प्रत्येक दर्शनी बाजूच्या नकाशावर खुणा. हा खर्च निश्चित असतो, त्यामुळे त्याचे अंदाजपत्रक प्रामाणिकपणे करता येते. दुसऱ्या टप्प्यात दुरुस्ती, तीही बाबनिहाय दराने, प्रत्यक्ष मोजमापावर. परांची दोन्ही टप्प्यांत उभीच राहील, तिचे भाडे वाढेल, आणि त्यावर कोणीतरी आक्षेप घेईलच. तो आक्षेप मी आनंदाने स्वीकारीन. सळई घासून झाल्यावर आणि भरण्यापूर्वी, अशी दोन छायाचित्रे मोजमाप पुस्तिकेला जोडल्याशिवाय देयक देऊ नये. व्यय विभागाने ऑक्टोबर २०२१ मध्ये ठरावीक कामांसाठी निविदेत गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत भार देण्याची मुभा दिली. ती वापरण्यास यापेक्षा योग्य काम मला सुचत नाही, कारण येथे कंत्राटदाराचे कसब शेवटी आवरणाखाली जाते आणि पुन्हा दिसत नाही.

मिश्र वापराच्या इमारतीत याहून कठीण गाठ मालकीची असते. मुंबईत ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची संरचनात्मक तपासणी महानगरपालिका अधिनियमाने बंधनकारक केली आहे. तपासणीचा अहवाल येतो, आणि खरा प्रश्न तेथून सुरू होतो: पैसे कोणी द्यायचे? वरच्या मजल्याचा रहिवासी म्हणतो, छज्जा गळतो माझा, पण लाखोंचा धंदा खालच्या गाळ्याचा. गाळेधारक म्हणतो, माझ्या डोक्यावरचे छत शाबूत आहे. मधले कार्यालय भाड्याचे असते आणि भाडेकरू मालकाकडे बोट दाखवतो. मला दोघांचेही म्हणणे पटत नाही. दर्शनी भाग कोणाच्या भिंतीचा तुकडा नसून सर्वांची सामाईक मालमत्ता आहे, असे धरूनच क्षेत्रफळाच्या प्रमाणात वर्गणी ठरवावी. वरून पडणारा तुकडा गाळ्याच्या गिऱ्हाइकाच्याच डोक्यावर पडतो, हे गाळेधारकाला समजावणे फारसे अवघड नाही. त्याची खरी भीती वेगळी असते: परांचीमुळे दुकानाचा फलक झाकला जाईल. जाळीवर त्याच्या दुकानाचे नाव लावू द्यावे. बैठकीतला अर्धा विरोध तेथेच मावळतो, असा माझा अनुभव आहे.

दुरुस्तीनंतर आच्छादन लावूच नये, असे मी म्हणत नाही. पण ते कशाचे आहे, हे विचारले पाहिजे. लंडनचा ग्रेनफेल टॉवर १९७४ सालचा, काँक्रीटचा, २४ मजली. तळाशी बालवाडी आणि मुष्टियुद्धाचा क्लब. २०१६ साली त्याचे नूतनीकरण पूर्ण झाले. मुळात सुचवलेल्या जस्ताच्या पत्र्याऐवजी पॉलिथिनचा गाभा असलेले ॲल्युमिनियमचे पत्रे लावण्यात आले, कारण त्यात सुमारे २,९३,००० पौंड वाचत होते. १४ जून २०१७च्या आगीत ७२ माणसे गेली. आपल्याकडे मे २०२२ मध्ये दिल्लीच्या मुंडका येथे २७ जण गेले. काचेने बंद केलेल्या दर्शनी भागातून बाहेर पडण्यासाठी लोकांना काचा फोडाव्या लागल्या. राष्ट्रीय इमारत संहिता राज्याच्या नियमावलीत उतरल्याखेरीज बंधनकारक होत नाही. म्हणून निविदेतच गाभा अज्वलनशील असल्याची अट आणि चाचणीचा दाखला मागणे, हे काम सही करणाऱ्याचे आहे.

माझ्या त्या इमारतीवरचे पत्रे काही वर्षांनी पावसाळी वाऱ्यात सैल झाले. त्यांचे खिळे ज्या काँक्रीटमध्ये बसवले होते, तेच भुसभुशीत होते. तोवर माझी बदली झालेली होती. पत्रे उतरवल्यावर आत कबुतरांची घरटी, साठलेले पाणी आणि पेन्सिलीएवढ्या उरलेल्या सळया निघाल्या, असे त्याच अभियंत्याने मला दूरध्वनीवर सांगितले. या खेपेस त्यांनी आधी परांची मागितली होती. ती मान्य व्हायला चौदा महिने लागले.