चकाकीच्या खालची गोदावरी

सायखेड्याच्या पुलावरून कोवळ्या उन्हात गोदावरी चांदीसारखी चमकताना दिसते. ही चमक पाण्याची नाही, वरच्या आकाशाची आहे. छायाचित्रकार जिला चकाकी म्हणतात ती हीच, आणि तिच्यामुळेच पाण्यात काय आहे ते दिसत नाही.

प्रकाशलहरींची कंपने एरवी सर्व दिशांना होत असतात. पाण्यावरून परावर्तित झालेल्या प्रकाशात मात्र आडवी कंपने जास्त उरतात. यालाच ध्रुवीकरण म्हणतात. परावर्तनातले हे ध्रुवीकरण फ्रेंच शास्त्रज्ञ मालुस यांनी १८०८ मध्ये खिडकीच्या काचांवरून येणाऱ्या उजेडात ओळखले. पोलरायझिंग फिल्टर एकाच दिशेची कंपने आत सोडतो. कॅमेऱ्यापुढची त्याची कडी फिरवत गेले की एका क्षणी चकाकी विरते आणि तळाचे दगड, शेवाळ, पानवेलींची लोंबती मुळे दिसू लागतात. पाण्याच्या पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांच्या कोनातून पाहिले तर हा परिणाम सर्वाधिक मिळतो.

सायखेड्याच्या खाली गोदावरी नांदूरमध्यमेश्वरच्या जलाशयाला मिळते. महाराष्ट्रातले हे पहिले रामसर स्थळ. जानेवारी २०२० मध्ये त्याची घोषणा झाली. हिवाळ्यात इथे पक्षी टिपायला कॅमेरे घेऊन मंडळी येतात. उडत्या पक्ष्यासाठी हा फिल्टर काढून ठेवलेलाच बरा. तो दीड ते दोन स्टॉप उजेड खातो. म्हणजे एक हजारांश सेकंदाचा शटर अडीचशेव्या भागापर्यंत खाली येऊ शकतो आणि पंख धूसर होतात. पण पक्षी ज्या पाण्यावर जगतात, त्या पाण्याचा फोटो काढताना हाच फिल्टर कामाचा आहे. माझ्या मते त्याचा खरा उपयोग तिथेच आहे, आणि नेमका तिथेच तो फारसा होत नाही.

उलट तो वापरला जातो आकाश गडद निळे आणि हिरवाई अधिक हिरवी करण्यासाठी. पानांवरची चकाकी गेली की पानवेलसुद्धा मखमली गालिच्यासारखी दिसते. फोटोला दाद मिळते. पण ती हिरवळ म्हणजे सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर पोसलेले तण आहे, हे फोटो सांगत नाही. दाट थराखाली सूर्यप्रकाश पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि साचलेल्या पाण्यात डासांना आसरा मिळतो. पुरात हीच वेल पुलाला अडकते. म्हणून पाण्याचे फोटो काढणाऱ्यांनी एकाच जागेवरून, एकाच वेळेला दोन फोटो घ्यावेत, एक फिल्टरसह आणि एक फिल्टरशिवाय, आणि तारीख लिहून ठेवावी. महिन्यामागून महिना अशी जोडचित्रे साठली तर नदीच्या तब्येतीची ती नोंदवहीच होईल. महागडा कॅमेराही लागत नाही. पोलराइज्ड गॉगलची काच मोबाइलच्या भिंगापुढे धरून फिरवली तरी फरक कळतो.

मात्र दोन गोष्टी विसरू नयेत. फोटोत नितळ दिसणारे पाणी शुद्ध असतेच असे नाही. जंतू आणि विरघळलेले नायट्रेट कोणताही फिल्टर दाखवत नाही. त्याला प्रयोगशाळेतली तपासणीच हवी. दुसरी गोष्ट डोळ्यांची. चकाकी कमी करणे आणि अतिनील किरण रोखणे ही दोन वेगळी कामे आहेत. काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते, त्यामुळे अतिनील संरक्षण नसलेला गडद गॉगल उघड्या डोळ्यापेक्षाही वाईट ठरू शकतो. गॉगल घेताना ‘यूव्ही ४००’ लिहिलेले आहे ना, ते पाहावे. आणि दोन फिल्टर आडवे-उभे जोडून अंधार झाला तरी त्यातून सूर्याकडे कधीही पाहू नये. अवरक्त किरण त्यातूनही आत जातात.

चकाकी हटवण्याचे साधन आता थोडक्या पैशांत मिळते. ते आकाशाकडे वळवायचे की नदीकडे, एवढेच ठरवायचे आहे.