तीन आण्यांचा पुर्जा आणि ‘मानवी चूक’

रेमिंग्टन हे नाव आपल्या वाचकांना नवे नाही. डाकघरात आणि रेल्वेच्या विभागीय कचेरीत टाइपरायटरची खडखड दिवसभर चालत असे, त्या काळात हे नाव कितीतरी यंत्रांवर लिहिलेले असे. आजही मराठी टंकलेखनाची ‘रेमिंग्टन’ मांडणी आपल्या अनेक कारकून बंधू-भगिनींच्या बोटांत आहे. पण हा टाइपरायटर जन्माला आला तो एका बंदुकीच्या कारखान्यात, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात इलियन नावाचे लहानसे गाव आहे. तेथील रेमिंग्टनच्या कारखान्याने १८७३ साली टाइपरायटर बनवायला घेतला आणि १८८६ साली तो धंदा विकून टाकला. बंदुकांचा धंदा मात्र इलियनमध्येच राहिला. आज आम्हाला लिहायचे आहे ते या कारखान्याच्या एका रायफलीच्या चापाविषयी, म्हणजेच ट्रिगरविषयी.

रेल्वे आणि डाक कामगारांच्या पानावर बंदुकीच्या ट्रिगरचे काय काम, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. उत्तर लेखाच्या ओघात येईल.

अमेरिकेत शिकारीसाठी आणि नेमबाजीसाठी रायफल बाळगणारे लाखो लोक आहेत. विकत घेतलेल्या रायफलीचा मूळ ट्रिगर काढून त्या जागी दुसऱ्या कंपनीचा ट्रिगर बसवून घ्यायचा, अशी तेथे जुनी रीत आहे. नुसते ट्रिगर बनवून विकणाऱ्या कंपन्या आहेत. त्यांपैकी टिमनी ही १९४६ पासूनची. कारखान्यातून आलेला ट्रिगर बहुधा जड असतो, ओढताना खरखरतो, गोळी नेमकी कधी सुटेल याचा अंदाज येत नाही आणि नेम हलतो, अशी नेमबाजांची तक्रार असते. म्हणून शंभर-दोनशे डॉलर खर्चून चांगला ट्रिगर घ्यायचा आणि बंदुकीच्या कारागिराकडून बसवून घ्यायचा. हौसेला मोल नसते, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. आमचे त्याबद्दल काही म्हणणे नाही.

परंतु रेमिंग्टनच्या ‘मॉडेल ७००’ या रायफलीचा ट्रिगर बदलणाऱ्यांमध्ये दुसऱ्याही प्रकारचे लोक होते. त्यांना नेम सुधारायचा नव्हता. चापाला बोट न लावता बंदूक उडू नये, एवढेच त्यांना हवे होते.

ही रायफल १९६२ साली बाजारात आली आणि प्रचंड खपली. अमेरिकी लष्कर आणि मरीन दलाच्या नेमबाजांच्या रायफलीही याच धर्तीवर बनल्या. तिचा ट्रिगर मात्र त्याहून जुना, १९४८ साली आलेल्या आधीच्या मॉडेलपासून चालत आलेला होता. तो माइक वॉकर या कंपनीच्याच अभियंत्याने तयार केला होता.

त्याची रचना सिग्नल विभागातल्या माणसाला चटकन कळेल. घोड्यामागची स्प्रिंग ताणून धरणारा एक अडकाव असतो, त्याला सीअर म्हणतात. चाप ओढला की अडकावाखालचा आधार निघतो आणि गोळी सुटते. वॉकरच्या रचनेत हा आधार म्हणजे एक छोटी सुटी पट्टी होती. ती चापाला घट्ट जोडलेली नव्हती, नुसती टेकलेली होती. प्रत्येक बारानंतर ती आपल्या जागी परत येईल असे गृहीत धरलेले होते. पण चाप आणि पट्टी यांच्यामध्ये कचऱ्याचा कण, वाळलेले तेल किंवा बर्फ अडकला, तर ती पूर्ण परत येत नाही. मग अडकाव जेमतेम टेकलेला राहतो. अशा वेळी सेफ्टीचा खटका सोडला की चापाला बोट न लावताही बार होऊ शकतो. पॉइंट पुरा बसलेला नसताना सिग्नल उतरावा, तसाच हा प्रकार.

हा धोका कोणाच्या लक्षात आला नव्हता काय? आला होता. खुद्द वॉकर यांनीच १९४८ साली सुधारणा सुचवली होती. खर्च किती? बंदुकीमागे साडेपाच सेंट. त्या वेळच्या दराने आपले जेमतेम तीन आणे. कंपनीवर तेव्हा ड्युपाँट या बलाढ्य उद्योगाचा ताबा होता. सुधारणा झाली नाही. वॉकर यांनी वयाच्या नव्वदीनंतर, २०१० साली, सीएनबीसी या अमेरिकी वृत्तवाहिनीला ही हकीकत सांगितली. या रायफली आपोआप उडाल्याच्या तक्रारींशी जोडले गेलेले किमान दोन डझन मृत्यू आणि शंभरावर जखमी, अशी मोजदाद त्या वाहिनीने तेव्हा मांडली होती.

आकड्यांमागची एक घटना सांगतो. २००० साली मोंटाना राज्यात एक कुटुंब शिकारीला गेले होते. परतताना आई बंदुकीतील गोळ्या काढू लागली. या रायफलीच्या जुन्या प्रतींमध्ये गोळी काढायची तर आधी सेफ्टी सोडावी लागे. ही पद्धत कारखान्याने १९८२ साली बंद केली, पण आधी विकलेल्या बंदुका घरोघरी तशाच होत्या. आईने सेफ्टी सोडली आणि बार झाला. पलीकडे तिचा नऊ वर्षांचा मुलगा होता. तो गेला. चापाला आपले बोट नव्हते, असे ती माउली सांगत राहिली.

अशा प्रत्येक प्रसंगी कंपनीचे उत्तर ठरलेले असे. बंदूक नीट साफ केली नसेल, ट्रिगरशी छेडछाड केली असेल, नकळत चापाला बोट लागले असेल आणि मुळात बंदुकीचे तोंड माणसाकडे करायलाच नको होते. यातले शेवटचे वाक्य खरे आहे, हे आम्ही मान्य करतो. बंदूक कोणाकडेही रोखू नये, हा पहिला नियम. पण माणूस केव्हातरी चुकणार हे धरूनच यंत्राला सेफ्टी बसवतात. ती सेफ्टीच दगा देत असेल, तर नियमाचे पुस्तक दाखवून कारखानदाराला सुटता येणार नाही.

कंपनीच्या कपाटात मात्र वेगळा हिशेब होता. १९७९ सालच्या एका अंतर्गत टिपणात असे मांडले होते की, बाजारात सुमारे वीस लाख बंदुका आहेत, त्यांतल्या शेकडा एक, म्हणजे वीस हजारांत हा दोष निघू शकेल. तेव्हा वीस हजारांसाठी वीस लाख परत बोलावणे परवडणारे नाही. त्या वीस हजार बंदुका कोणाच्या घरात आहेत, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

मग सरकारने त्या परत का बोलावल्या नाहीत? अमेरिकेत १९७२ साली ग्राहकांच्या सुरक्षेसाठी कायदा झाला, आयोग नेमला गेला. खेळणे, पंखा, पाळणा यांत दोष निघाला तर हा आयोग माल परत घ्यायला लावू शकतो. बंदुका मात्र त्या कायद्यातून वगळल्या गेल्या. सदोष खेळण्यातली बंदूक सरकार परत मागवू शकते, खरी बंदूक नाही. राहिले न्यायालय. १९९४ साली टेक्सासमध्ये पाय गमावलेल्या एका माणसाला ज्यूरीने एक कोटी सत्तर लाख डॉलर देवविले. तरीही तोच ट्रिगर पुढे बारा वर्षे नव्या रायफलींत बसत राहिला. २००६ साली नवा ट्रिगर आला, तर त्याच्या जुळणीत चिकट द्रव जादा पडल्याने तोही २०१४ साली परत बोलवावा लागला. शेवटी सामूहिक दाव्यात तडजोड झाली. दोष मान्य न करता कंपनीने सुमारे पंचाहत्तर लाख बंदुकांचे ट्रिगर फुकट बदलून देण्याचे कबूल केले आणि २०१७ साली न्यायालयाने त्याला मंजुरी दिली. तोवर अर्ज किती आले होते? सुमारे बावीस हजार. शेकडा एकसुद्धा नाही.

येथे बाजारपेठेचे भक्त म्हणतील की, यात बिघडले काय? ज्याला भीती वाटली त्याने दुसरा ट्रिगर बसवला, बाजाराने प्रश्न सोडवला. आमचा मतभेद नेमका येथे आहे. तीन आण्यांत कारखान्यात होणारी दुरुस्ती शंभर-दोनशे डॉलरला ग्राहकाच्या गळ्यात पडली, याला प्रश्न सुटला असे म्हणत नाहीत. ज्याला माहिती होती आणि ज्याच्या खिशात पैसे होते तो वाचला. ज्याच्या हाती वडिलांची जुनी बंदूक आली त्याला काही कळलेच नाही. शिवाय ज्याने पदरच्या पैशाने ट्रिगर बदलला त्याची बंदूक पुढे चुकून उडाली, तर कंपनीचा वकील पहिला प्रश्न विचारणार: मूळ ट्रिगर कोणी काढला? खर्चही त्याचा आणि जबाबदारीही त्याचीच.

आता आपल्याकडे वळू. साहेबांनी दिलेला टॉर्च पावसात बंद पडतो म्हणून स्वतःच्या पैशाने दुसरा घेणारा ट्रॅकमन, स्वतःचा रेनकोट आणि स्वतःच्या मोबाइलवर कामाचे ॲप चालवणारा पोस्टमन, हे आपल्यातलेच आहेत. काम अडू नये म्हणून आपण हे करतो, आणि करतो म्हणून ते कोणाच्या हिशेबात येत नाही. पण काही विपरीत घडले की पहिले बोट आपल्याकडेच वळते. ‘मानवी चूक’ हे दोन शब्द तयारच असतात.

१७ जून २०२४ ची उत्तर बंगालमधील रंगापाणीजवळची दुर्घटना आठवा. सकाळपासून स्वयंचलित सिग्नल बिघडलेले होते आणि गाड्या कागदी परवान्यावर चालत होत्या. मालगाडी मागून कांचनजंगा एक्स्प्रेसवर आदळली. मालगाडीचा लोको पायलट आणि एक्स्प्रेसचा गार्ड, दोघेही कामावर असताना गेले. त्याच दिवशी वरून सांगण्यात आले की, लोको पायलटने सिग्नल डावलला. उत्तर द्यायला तो जिवंत नव्हता. पुढे रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या अहवालात काय आले? दिलेला परवानाच चुकीचा होता. वेग किती ठेवायचा हे त्यात लिहिलेले नव्हते. त्याच सकाळी त्याच मार्गाने आणखी पाच गाड्या गेल्या होत्या आणि त्यांनीही ठरलेला वेग व थांबे पाळलेले नव्हते. अशा प्रसंगी काय करायचे याचे पुरेसे प्रशिक्षणच दिलेले नव्हते. एकाने केले तर ती चूक म्हणता येईल. सहा गाड्या तसेच करतात तेव्हा दोष व्यवस्थेत शोधावा लागतो.

डाक बंधूंसाठी ब्रिटनचे उदाहरण पुरेसे आहे. तेथील पोस्टात होरायझन ही संगणक प्रणाली आली आणि उपडाकघरांच्या हिशेबात तूट दिसू लागली. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक पोस्टमास्तरांना चोरी आणि अफरातफरीसाठी शिक्षा झाल्या. दोष प्रणालीत होता. अनेकांनी घरदार विकून तूट भरली होती, काही तुरुंगात गेले. २०२४ साली संसदेला कायदा करून या शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

आणि इलियनच्या कामगारांचे काय झाले? १९४८ चा निर्णय त्यांनी घेतलेला नव्हता, १९७९ चे टिपणही त्यांनी लिहिले नव्हते. २००७ साली कंपनी सर्बेरस या गुंतवणूकदारांच्या हाती गेली. २०१८ आणि २०२० साली दोनदा दिवाळे निघाले. ऑक्टोबर २०२० मध्ये युनायटेड माइन वर्कर्स या युनियनच्या सुमारे ५८५ कामगारांना काढून टाकण्यात आले. कामावरून कमी केल्याचा मोबदला आणि साठलेल्या रजेचा पगारही नाकारला. पुढे नव्या मालकाने कारखाना काही काळ चालवला आणि मार्च २०२४ मध्ये इलियनचे दार कायमचे बंद केले. काम जॉर्जिया राज्यात गेले. गाव मागे राहिले.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे. अपघात किंवा तूट झाल्यावर चौकशी पुरी होईपर्यंत कोणत्याही कर्मचाऱ्यावर जाहीरपणे दोष ठेवू नये. चौकशीत आधी यंत्र, कामाचे तास, प्रशिक्षण आणि दिलेले लेखी हुकूम तपासावेत, मग माणूस. आणि त्या चौकशीत युनियनचा प्रतिनिधी असावा. कर्मचाऱ्याने यंत्रातला दोष लेखी कळवला, तर ठरावीक मुदतीत लेखी उत्तर मिळावे. दुरुस्ती नाकारायची असेल तर नाकारणाऱ्याने कारणासह सही करावी.

यात आपलीही जबाबदारी आहे, हे आम्ही विसरत नाही. दोष दिसतो, आपण तो चहाच्या टपरीवर बोलतो, पण कागदावर आणत नाही. वॉकर यांनी १९४८ साली कागदावर लिहिले, म्हणूनच साठ वर्षांनी का होईना, जगाला कळले की मालकाला माहीत होते. पुढच्या पाळीला जाल तेव्हा जो दोष रोज दिसतो तो दोन ओळींत लिहा, तारीख घाला, पोच घ्या आणि एक प्रत शाखेत द्या.