बाकावर बसलेला भाऊ

ऑगस्ट 2022 मध्ये चोपड्यात एका तरुणीचा आणि तिच्या प्रियकराचा खून झाला. तरुणीचा अल्पवयीन भाऊ पिस्तूल घेऊन पोलीस ठाण्यात हजर झाला. पिस्तुलाचा प्रश्न मोठाच आहे. अनेरकाठच्या उमर्टीचे गावठी कट्टे चोपडा तालुक्याला नवे नाहीत, आणि कट्टा हाताशी असला की क्षणाचा राग जीव घेतो. पण जळगाव-धुळ्यात मुलांसोबत काम करणाऱ्या आपल्या वाचकांपुढचा प्रश्न त्याआधीचा आहे: बहिणीच्या लग्नाचा निवाडा आपणच करायचा, हे मिसरूड फुटणाऱ्या पोराच्या डोक्यात येतं कुठून?

मुलगी निघून गेली की पोलीस ठाण्यात मिसिंग दाखल होते. ती सापडते, जबाब होतो. आई रडते, काका आवाज चढवतो, वडील मान खाली घालून उभे. भाऊ बाकावर बसून सगळं ऐकत असतो. त्याच्याशी कुणी बोलत नाही. घरी गेल्यावर भावकीतलं कुणीतरी म्हणतं, "तुझ्या बापाच्यानं काही होणार नाही, आता तूच बघ." हा हुकूम नसतो, त्यामुळे त्याची कुठे नोंदही होत नाही. मुलाला मात्र त्याचा अर्थ बरोबर कळतो. "तू अजून अठराचा नाहीस" एवढं कुणी पुढे जोडलं, की उरलासुरला धाकही जातो.

सोळा ते अठरा वयोगटातल्या मुलावर घोर अपराधाचा आरोप असेल, तर बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 15 खाली बाल न्याय मंडळ प्राथमिक मूल्यांकन करतं. मुलाची क्षमता, परिणामांची जाण आणि कृत्य घडलं ती परिस्थिती, अशा तिन्ही गोष्टी त्यात पाहायच्या असतात. बरुण चंद्र ठाकूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये हे काम किती नाजूक आहे ते स्पष्ट केलं. मंडळात बाल मानसशास्त्राचा किंवा मनोविकारशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणं बंधनकारक ठरवलं. तरीही सामाजिक तपासणी अहवालात परिस्थितीच्या रकान्यात 'कौटुंबिक वाद' एवढंच लिहून मोकळं होण्याची सवय आहे. ती सोडायला हवी. आदल्या पंधरा दिवसांत घरात कोण आलं, काय बोललं, मुलाची शाळा-कॉलेज कधी सुटली, हे लिहा. मुलाला गुन्ह्यासाठी वापरणाऱ्या प्रौढांसाठी याच कायद्यात कलम 83 आहे, भारतीय न्याय संहितेत कलम 95 आहे. अहवालच कोरा असेल तर ही कलमं लावणार कशाच्या आधारावर?

प्रतिबंधाची जागाही आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या शक्ती वाहिनी निकालाने 2018 मध्ये घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न करणाऱ्या जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष सांगितले. तिथे तक्रार आली की घरात अल्पवयीन भाऊ, चुलतभाऊ आहे का, ही नोंद त्याच दिवशी व्हावी. बालकल्याण पोलीस अधिकारी आणि समुपदेशकाने आठवड्याच्या आत त्याला एकट्याला भेटावं. त्याला आधी बोलू द्यावं. पोरं टोमणे मारतात, गावात तोंड दाखवता येत नाही, हे त्याला कुणापाशी तरी सांगायचं असतं. बापाला आणि काकाला वेगळं बसवून वरची दोन्ही कलमं वाचून दाखवावीत.

यात मुलीची सुरक्षितता पहिली. ती कुठे राहते, कुणाकडे आहे, हे भावाशी बोलताना चुकूनही सांगू नये, आणि त्याच्या भेटीची फाईल तिच्या फाईलपासून वेगळी ठेवावी.