विश्लेषण: ऑनलाइन वर्गात मूल खरंच किती शिकलं, हे घरी कसं ओळखायचं?

रात्रभर पाऊस, हिंदमाताला पाणी आणि सकाळी शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज: ‘आज शाळेला सुट्टी. वर्ग ऑनलाइन होतील. गृहपाठाचे फोटो संध्याकाळपर्यंत पाठवावेत.’ गिरगावपासून लालबागपर्यंत, पहिली-दुसरीतलं मूल असलेल्या घरांत पुढचं चित्र ओळखीचं आहे. मोबाइल डब्याला टेकवून उभा, मूल समोर आणि आई कॅमेऱ्याबाहेर. बाई प्रश्न विचारतात, आई कुजबुजते, मूल मोठ्यानं उत्तर देतं. ‘शाब्बास!’ ही शाबासकी नेमकी कोणाची?

करोनाकाळात काय झालं?

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. मुंबईत पहिली ते सातवीचे वर्ग थेट १५ डिसेंबर २०२१ रोजी उघडले. ओमायक्रॉनमुळे जानेवारीत पुन्हा बंद झाले आणि २४ जानेवारी २०२२ पासून परत सुरू झाले. म्हणजे जून २०२० मध्ये पहिलीत गेलेलं मूल वर्गातल्या बाकावर बसलं, तेव्हा दुसरीचं निम्मं वर्ष संपलं होतं.

या काळात प्रयत्न झाले नाहीत असं नाही. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका आली. नोव्हेंबर २०२० पासून ‘स्वाध्याय’ उपक्रमातून व्हॉट्सॲपवर सराव चाचण्या सुरू झाल्या. एप्रिल २०२१ मध्ये पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना परीक्षेविना वरच्या वर्गात पाठवण्याचा निर्णय झाला. त्या परिस्थितीत तो योग्यच होता. पण कोणाला वाचता येतं आणि कोणाला नाही, हा प्रश्नही मुलासोबत वरच्या वर्गात गेला.

ऑनलाइन चाचणी नेमकं काय मोजते?

इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळेत आकडा लिहून घेण्याआधी एक गोष्ट बघायला शिकवतात: हातातलं उपकरण नेमकं काय मोजतंय? हाच प्रश्न मोबाइलवरच्या चाचणीला विचारायला हवा.

चार पर्यायांच्या प्रश्नात काहीही न वाचता बोट ठेवलं, तरी उत्तर बरोबर येण्याची शक्यता चारात एक असते. गृहपाठाच्या फोटोत अक्षर दिसतं, पण ते मुलानं आठवून लिहिलं की समोरचं बघून उतरवलं, ते दिसत नाही. त्यात घराघरांत फरक. एका घरी मुलासाठी वेगळा टॅब आणि शेजारी बसायला आजोबा. दुसऱ्या घरी एकच फोन, तोही बाबांबरोबर टॅक्सीवर. नायगावच्या जुन्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तिथं स्वयंपाक, टीव्ही आणि तास एकाच वेळी चालतो. अशा वेळी पडलेले गुण मुलाचे कमी आणि घराचे जास्त असतात. ज्याच्या शेजारी कुजबुजायला कोणी नाही, ते मूल ‘कच्चं’ ठरतं.

नियम काय सांगतो?

शिक्षण हक्क कायद्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन अपेक्षित आहे. राज्यात त्याचा शासन निर्णय २० ऑगस्ट २०१० रोजी निघाला. त्यानुसार पहिली-दुसरीत आकारिक मूल्यमापनाला ७० टक्के, तर संकलित मूल्यमापनाला ३० टक्के भार आहे. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, कृती ही आकारिक मूल्यमापनाची साधनं. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याचाही तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी निरीक्षणावरच भर आहे.

दादरला हे नवं नाही. ताराबाई मोडक यांनी १९३६ मध्ये इथं शिशुविहार सुरू केलं, तेव्हापासून मूल काय करतं हे बघत राहणं हा बालशिक्षणाचा पाया मानला गेला आहे.

घरी काय बघायचं?

२००५ पासून देशाच्या ग्रामीण भागात घरोघरी होणाऱ्या ‘असर’ पाहणीची पद्धत इथं उपयोगी पडते. एका वेळी एक मूल. आधी अक्षर, मग शब्द, मग सोपा परिच्छेद, मग छोटी गोष्ट. मूल कुठवर पोहोचतं, ते बघायचं. याच पद्धतीनं २०२२ मध्ये समोर आलं की, देशाच्या ग्रामीण भागात दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतली मुलं २०१८ च्या २७.३ टक्क्यांवरून २०.५ टक्क्यांवर आली होती.

पालकांना करता येण्यासारखं:

१. पाठ्यपुस्तकातला पाठ झालेला धडा नको. मुलानं न पाहिलेली चार ओळींची गोष्ट मोठ्यानं वाचून घ्या.

२. वाचून झाल्यावर ‘काय झालं गोष्टीत?’ एवढंच विचारा. मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं, तर ते समजलं.

३. गणित बाजारात बघा. पन्नासची नोट दिली, पस्तीसची भाजी घेतली, परत किती?

४. आज आलेलं उत्तर आठवड्यानं पुन्हा विचारा. तेव्हाही आलं, तर ते शिकलं.

५. उत्तर सुचवू नका. अडलं तर कुठे अडलं, ते वहीत एका ओळीत लिहा आणि बाईंना कळवा.

शाळांनी काय करावं?

दुसरीपर्यंतच्या मुलांना घरी केलेल्या ऑनलाइन कामाचे गुण देऊ नयेत. गुण आले की आई कुजबुजणारच. त्यात तिचा दोष नाही. वर्ग ऑनलाइन असतील तेव्हा प्रत्येक मुलाशी आठवड्यातून एकदा पाच मिनिटं स्वतंत्र बोलावं. चाळीस मुलांचा वर्ग धरला, तर आठवड्याची २०० मिनिटं होतात, म्हणजे पाच दिवसांत रोज आठ मुलं, ४० मिनिटं. त्यासाठी तेवढा तास कमी केला तरी चालेल. ज्या घरी दिवसा फोन नसतो, तिथं संध्याकाळी साधा कॉलही पुरतो. वाचन ऐकायला व्हिडिओ लागत नाही. मात्र ही वेळ शिक्षकांच्या कामात धरायला हवी. वरचं ओझं म्हणून लादली, तर आठवडाभरात ती बंद पडेल.

चुकलेलं उत्तर बाईंपर्यंत पोहोचलं, तर त्या ते शिकवू शकतात. ते घरातच दुरुस्त झालं, तर बाईंच्या हाती फक्त ‘शाब्बास’ उरतं आणि मुलाचं अडलेलं तिथंच राहतं. पुढच्या पावसाळी सुट्टीत कॅमेऱ्याबाहेर बसलात, तर एवढंच करा: बाईंनी विचारलं की गप्प राहा आणि मुलाला चुकू द्या.