पाच डॉलरचा घोडा

१९३०च्या दशकातील अमेरिकन प्रादेशिकतावादी चित्रकारांवर एक आरोप नेहमी केला जातो. मंदीने आणि धुळीच्या वादळांनी तिथला शेतकरी देशोधडीला लागत असताना ही मंडळी नांगर, घोडे आणि गवताच्या गंजी रेखाटत गतकाळाचे गोडवे गात बसली, असा तो आरोप. आम्हांला तो अर्धाच मान्य आहे.

ही शिळामुद्रिते कोणासाठी निघत होती, हे विसरून चालणार नाही. १९३४ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेली 'असोसिएटेड अमेरिकन आर्टिस्ट्स' ही संस्था थॉमस हार्ट बेंटन, ग्रँट वुड, जॉन स्टुअर्ट करी प्रभृतींची मुद्राचित्रे पाच डॉलरला एक या दराने विकत असे. टपालानेही पाठवीत असे. ग्राहक प्रामुख्याने मध्यमवर्गीय. इकडे शेतांवर ट्रॅक्टर वाढत होते. १९५४ साली त्यांची संख्या घोडे-खेचरांपेक्षा अधिक झाली. तबेल्यातून निघालेला घोडा असा दिवाणखान्याच्या भिंतीवर आला. आरोपाचा एवढा भाग खरा.

परंतु चित्रे नीट पाहिली, तर उरलेला भाग टिकत नाही. करीच्या १९३०च्या शिळामुद्रितातले घोडे वादळापुढे उधळले आहेत. बेंटनच्या 'द रेस'मध्ये (१९४२) स्वाराविना एक घोडा आगगाडीच्या बरोबरीने जिवाच्या आकांताने धावतो आहे. या शर्यतीचा निकाल पाहणाऱ्याला ठाऊक आहे. ठाऊक नाही तो केवळ घोड्याला. याला गोडवे गाणे म्हणता येईल असे आम्हांला वाटत नाही.

वुडच्या 'सल्ट्री नाइट'ची (१९३९) कथा अधिक बोलकी आहे. दिवसभर राबलेला शेतकरी रात्री जनावरांच्या डोणीपाशी नग्न उभा राहून अंगावर बादली ओतून घेतो आहे. शेतावरच्या माणसाच्या दृष्टीने यात वावगे काही नाही. अमेरिकन टपालखात्याने मात्र हे चित्र अश्लील ठरवून टपालाने पाठवण्यास मनाई केली. नेहमीच्या अडीचशेऐवजी त्याच्या शंभरच प्रती निघाल्या.

म्हणजे घोडा टपालातून जाऊ शकत होता. त्याच डोणीवर आंघोळ करणारा त्याचा धनी जाऊ शकत नव्हता. खेड्याचे साजरे रूप हवे होते ते बाजाराला आणि त्याच्या पहारेकऱ्यांना. चित्रकारांनी त्या बाजारावर पोट भरले, हे खरे. पण त्यांच्या दगडावर जे उमटले, ते त्या बाजाराच्या मागणीहून पुष्कळ कठोर होते. त्यांचा न्याय करताना हा फरक राखला जावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.