वळसा पादचाऱ्यांनीच का घालायचा?



स्वारगेटच्या केशवराव जेधे चौकाचा विषय निघाला की उलट दिशेने येणारा दुचाकीस्वार आणि मधूनच रस्ता ओलांडणारा पादचारी यांना एकाच पंक्तीला बसवून ‘बेशिस्त पुणेकर’ म्हणायची रीत पडली आहे. ती मला साफ नामंजूर आहे.

दुचाकीस्वार वळसा चुकवतो तो दोन मिनिटे वाचवायला, आणि त्यापायी समोरून येणाऱ्याच्या जिवावर उठतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायदा याला धोकादायक वाहन चालवणेच मानतो. पहिल्याच गुन्ह्याला एक ते पाच हजारांचा दंड आहे, कैदेचीही तरतूद आहे. तिथे गय नकोच.

पण साताऱ्याच्या गाडीतून उतरलेल्या आजीचे काय? एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हाताला नातू, आणि जायचे सारसबागेच्या बाजूला. सातारा रस्ता, शंकरशेठ रस्ता, शिवाजी रस्ता, सगळीकडची वाहने समोर एकवटलेली. मोटारींना चौक लागूच नये म्हणून आपण उड्डाणपूल बांधला. आजीला मात्र आपण सांगतो, जिने उतरा, पुन्हा चढा, नाहीतर लांबून फिरून या. गुडघे धरलेले असताना ती कुठून फिरणार? ती दुभाजकाच्या फटीत उभी राहते, हात वर करते, भोंगा वाजला की नातवाला मागे ओढते, मग पुन्हा एक पाऊल टाकते. हिला आपण बेशिस्त म्हणायचे?

२९ सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रोही स्वारगेटपर्यंत आली. एसटी, पीएमपी आणि मेट्रो एका जागी, म्हणजे इथला प्रत्येक प्रवासी उतरल्यावर पायीच निघणार. पुणे महापालिकेने २०१६ मध्येच पादचारी धोरण मंजूर केले आहे. रस्त्याच्या पातळीवरूनच ओलांडता यावे, भुयारी मार्ग आणि पादचारी पूल नाइलाज असेल तिथेच, असाच इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांचाही रोख आहे. अडथळ्याविना पदपथ हा जगण्याच्या मूलभूत अधिकाराचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितले. आता आणखी कुठला आधार हवा?

पादचाऱ्यांसाठी सिग्नल थांबवला तर कोंडी वाढेल, असे सांगितले जाईल. वाढू दे थोडी. ज्यांना सरळ जायचे त्यांना पूल आहे. खालच्यांनी आणखी अर्धा मिनिट थांबायला हरकत नसावी. शिवाय बसने येणारी माणसे रस्त्याची जागा मोटारवाल्यांपेक्षा कितीतरी कमी अडवतात, हेही हिशेबात धरा.

माझी मागणी साधी आहे. चौकाच्या प्रत्येक बाजूला ठळक पट्ट्यांची ओलांडणी, पादचाऱ्यांसाठी स्वतंत्र सिग्नल, त्याची वेळ म्हाताऱ्या माणसाच्या चालीने ठरवलेली, मध्ये सुरक्षित थांबायला रुंद दुभाजक, आणि पार्किंगमुक्त पदपथ. एवढे करा आणि मग दंडाच्या पावत्या खुशाल फाडा, पादचाऱ्यांच्यासुद्धा.

— एक पादचारी, मुकुंदनगर, पुणे